शनिवारचं गरम पाणी

माझ्याशी बोलायचं तर समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलावं लागतं. तांब्यावर जन्मभर हातोडी चालवली की कान जातातच. माझ्या वडिलांचे गेले, चुलत्यांचे गेले, माझे तर चाळिशीच्या आत गेले. रेवदंड्याच्या आमच्या आळीत एके काळी घराघरातून ठोके पडत. आता आळीत तांबट म्हणून मी एकटा उरलो आहे, आणि मीही ठोकत नाही.

संपादकांनी धंद्यातले अनुभव मागितले, तेव्हा त्यांच्या मनात हंडे, घंगाळी, बंब असणार. पण हंडे मी इतके केले की त्यांतला एकही डोळ्यांपुढे येत नाही. डोळ्यांपुढे येतात ती उन्हावर पाणी तापवणारी खोकी. ती मी सगळ्या आयुष्यात तीनच केली, आणि त्यांतल्या तिसऱ्यानं मला जे शिकवलं ते हातोडीनं शिकवलं नाही.

ही गोष्ट पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाल्यानंतरची. तापाच्या साथीत माझी बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. सकाळी पेज, दुपारी भात, संध्याकाळी सकाळचंच काही, असं माझं चाललं होतं. त्या दिवसांत माझ्या दुकानाच्या फळीवर इब्राहिम सारंग येऊन बसायचा. बोटीवरच्या खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात. हा माणूस वीस-बावीस वर्षं आगबोटींवर फिरून छातीच्या दुखण्यानं घरी परतला होता. मला कमी ऐकू येतं आणि त्याला फार बोललं की धाप लागते, म्हणून आमचं जमलं.

एकदा मी बंब घडवत होतो. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, मधून निखाऱ्याची नळी आणि भोवती पाणी. सारंग बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, की अमेरिकेच्या दक्षिणेला एका गरम बंदरात त्यानं घरांच्या छपरांवर काचेची काळी खोकी पाहिली होती. त्यात ना कोळसा ना लाकूड, आणि खाली न्हाणीत तोटी सोडली की कढत पाणी. मला वाटलं, खलाशी आहे, सांगणारच. पण त्यानं कोळशानं माझ्या भिंतीवर चित्र काढलं, आणि नळ्या कुठून कुठे जातात ते नीट दाखवलं. थापा मारणारा माणूस नळ्या दाखवत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सागवानी फळ्यांचं उथळ खोकं करायचं, दाराएवढं लांब. त्यात तांब्याचा पत्रा घालायचा, पत्र्यावर तांब्याची नळी नागमोडी फिरवून पक्की जोडायची आणि सगळं काजळी नि अळशीच्या तेलानं काळं करायचं. वर काच. खोकं दक्षिणेकडे तोंड करून तिरपं ठेवायचं, कारण थंडीत सूर्य तिकडे कलतो. पाण्याची टाकी मात्र खोक्याच्या वर हवी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपणहून वर चढतं, गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. कुणी ढकलावं लागत नाही, पंप लागत नाही. दिवसभर ते असं गोल फिरत राहतं.

हे आज मी शहाण्यासारखं सांगतोय. पहिल्या खोक्याची टाकी मी सोयीसाठी खाली जमिनीवर ठेवली होती. आठ दिवस खोकं उन्हात भाजलं आणि टाकीतलं पाणी विहिरीतल्यासारखं गार. सारंगनं माझ्या भिंतीवरचं चित्र पुन्हा पाहिलं, आणि माझा हात धरून टाकीच्या चित्रावर ठेवला. टाकी वर चढवली त्या दुपारी तोटी सोडली आणि माझा हात पोळला. सारंग इतका हसला की त्याला धाप लागली. माझ्या घरात त्या काळात कुणी हसल्याचं मला तेवढंच आठवतं. नळ्या आम्ही मुंबईहून मोडीत काढलेल्या बोटींच्या आणल्या होत्या. काच आगबोटीतून मांडीवर धरून आणली होती.

दुसरं खोकं अलिबागला, एका निवृत्त मुनसफांच्या घरी बसलं. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावून घेतलं आणि उभं करून फैलावर घेतलं. पाणी संध्याकाळी कढत असतं आणि पहाटे चारला पूजेच्या आधी अंघोळ करायची तेव्हा गार. सूर्याला माझ्या वेळेची पर्वा नसेल, पण तुला असायला हवी, असं ते म्हणाले. ते खरं होतं. आपल्याकडे माणसं सकाळी अंघोळ करतात आणि ऊन पाणी तापवतं दुपारी, ही मूळची अडचण माझ्या ध्यानातच आली नव्हती. मग टाकीभोवती मी मोठी लाकडी पेटी केली आणि मधल्या जागेत भाताचं तूस ठासून भरलं. तुसानं पाणी रात्रभर ऊब धरून राहिलं. रावसाहेब खूश झाले. येईल त्या पाहुण्याला ते आधी परसात नेऊन टाकी दाखवत, मग चहा विचारत.

त्याच पाहुण्यांत एक होता याकोब. मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फिटर, मूळचा नागावचा, बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातला यहुदी. आमच्या किनाऱ्यावर या लोकांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारचा दिवस मावळेपर्यंत ते विस्तव पेटवत नाहीत. याकोबची आई, हन्नामावशी, नागावात एकटी राहायची. नवरा गेला होता, घाण्याचा बैल विकला होता, आणि आसपासची त्यांची घरं एकेक करून मुंबईला गेली होती. तिचे गुडघे धरले होते. सकाळी गरम पाण्याचा शेक मिळाला नाही तर तिला उंबरा ओलांडता यायचा नाही.

शनिवारी हा शेक कुठून मिळायचा? शेजारच्या वाडीतली भागी येऊन चूल पेटवायची. भागी खाडीकाठच्या खारेपाटातून नागावात दिलेली, आगरी घरातली, तेव्हा तिशीची असेल. मावशीनं तिला कधी ये म्हटलं नव्हतं, तसं सांगणंही त्यांच्यात बसत नाही. ती आपली शनिवारी सकाळी यायची, पाणी तापवायची, मावशीचे गुडघे शेकायची आणि तास-दीड तास बसून जायची. याकोबला याचं ओझं वाटत असे. आपली आई परक्या बाईच्या उपकारावर आहे, हे त्या कर्त्या मुलाला सलत होतं. रावसाहेबांची टाकी पाहिली आणि त्यानं ठरवूनच टाकलं. विस्तव नाही, कुणाची वाट बघणं नाही, शनिवारी तोटी सोडायची की झालं.

मी माप घ्यायला नागावला गेलो. नारळाच्या वाडीत ऊन शोधणं म्हणजे काय ते तिथं कळलं. सगळं परसू सावलीत. फक्त घाण्याभोवती बैल फिरायचा ती गोल जागा उघडी होती, तिथं दिवसभर ऊन पडायचं. मी काठी रोवून सावली मोजत होतो तेव्हा हन्नामावशी मागच्या दारात आली. ठेंगणी, गोरी, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेली. ती काही बोलली. मी मान हलवली. बहिऱ्या माणसाची ही खोड असते. ऐकू आलं नाही की तो मान हलवतो. ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

ते खोकं माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम. सांधे असे जुळले होते की थेंब गळत नव्हता. कार्तिकात ते बसवलं. पहिल्या शनिवारी मी मुद्दाम गेलो. सकाळी मावशीनं तोटी सोडली, बादलीतून वाफ निघाली. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. मी दारातूनच परतलो. त्या दिवशी चौलापर्यंत चालताना मला फार एकटं वाटलं नाही. आपण करून दिलेली वस्तू कुणाच्या तरी घरी चालू आहे, हे तांबटाला पुरतं.

त्या सुमाराला सारंगला समुद्रानं पुन्हा ओढलं. छाती अजून बरी नव्हती, तरी गेला. जाताना नागावच्या खोक्याबद्दल विचारून गेला. त्याचं पुढे पत्र आलं नाही.

पौषात मी काही कामानं अलिबागला निघालो होतो, वाटेत नागावला वळलो. परसात जाऊन बघतो तर काचेवर गोणपाट, चारी बाजूंनी सुंभानं बांधलेलं. मला वाटलं, झावळ पडून काच फुटेल म्हणून रात्री झाकत असतील आणि सकाळी काढायचं राहिलं असेल. मी गोणपाट काढून घडी करून ठेवलं आणि पुढे गेलो. परतताना पाहिलं तर पुन्हा बांधलेलं.

हन्नामावशी ओटीवर होती. मी तिच्या समोर जाऊन बसलो आणि विचारलं, की काच झाकली तर पाणी तापेल कसं.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघत सावकाश सांगितलं, प्रत्येक शब्द मला दिसेल असं. "तापू नये म्हणूनच झाकलंय, वासू."

मी आणखी पुढे सरकून बसलो.

"चार शनिवार तुझ्या गरम पाण्यानं गुडघे शेकले. फार छान शेकले. त्या चारी शनिवारी या घरात कुणी आलं नाही. भागीला आता यायचं कारण काय? तिच्या घरी बारा माणसांचा रगाडा. काम नसताना सून शेजारी जाऊन बसली तर सासू काय म्हणेल? मी पाचव्या शनिवारच्या आधी निरोप दिला, यंत्र बिघडलंय म्हणून. ती आली."

मग ती म्हणाली, "मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला नको म्हणून. तू मान हलवलीस."

दाराशी उभी राहून ती काय बोलली होती ते मला तेव्हा कळलं. मला तिच्याकडे बघवेना. मी म्हणालो की खोकं काढून नेतो. तर नको म्हणाली, याकोब वर्षातून एकदा येतो, त्याला वाईट वाटेल. तो आला की गोणपाट काढीन. एवढंच कर, कुणाला सांगू नकोस.

मी शब्द दिला. शब्द देताना तो किती जड आहे हे कळत नाही.

नागावचे एक मोठे बागायतदार होते. रावसाहेबांकडची टाकी बघून त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, की आपल्या तिन्ही घरांना आणि पाहुण्यांच्या बंगलीला अशी खोकी करायची. मी मुंबईला जाऊन नळ्या हेरूनही आलो होतो. ते झालं असतं तर त्यांचं बघून चौल, आक्षी, पार श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांतून बोलावणी आली असती. बंब करणारे पुष्कळ होते, हे करणारा मी एकटा होतो. रात्रंदिवस मी त्याच विचारात असे. घरी दुसरं विचार करायला होतंच काय!

बागायतदार मनुष्य सावध. आपल्याच गावात, नारळीच्या सावलीत हे कसं चालतं ते बघून घेऊ म्हणून ते हन्नामावशीकडे गेले. गोणपाट पाहिलं. मावशीला विचारलं. भागी तेव्हा तिथंच पाटावर बसली होती. मावशी म्हणाली, पाणी तापत नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी मला चारचौघांत हाक मारली. आवाज चढवून बोलले, म्हणून सगळं ऐकू आलं. अलिबागला उघड्यावर चालणारी टाकी दाखवून म्हातारीला फसवलंस ते फसवलंस, मलाही फसवणार होतास, असं म्हणाले. भोवती माझ्या धंद्यातली माणसं होती, माझ्या वडिलांना ओळखणारी माणसं होती. एका वाक्याचं काम होतं. माझ्यासोबत चला, गोणपाट काढा, दुपारपर्यंत थांबा आणि तोटीखाली हात धरा. हात पोळला नाही तर माझी हातोडी मोडा.

पण ते गोणपाट चारचौघांसमोर निघालं असतं तर शनिवारची चूलही विझली असती.

मी म्हणालो, "काम कच्चं राहिलं. चूक माझी."

बस. उन्हाचा बंब तिथं संपला. रेवदंड्यात पोरं काही दिवस मला बघून आभाळाकडे बोट दाखवायची. रावसाहेब पुढे पुण्याला गेले आणि नव्या मालकानं त्यांची टाकी मोडीत घातली. मी पुन्हा हंडे-कळशांकडे वळलो. लोक म्हणतात की चांगलं केलं की मनाला शांती मिळते. मला मिळाली नाही. कित्येक दिवस मला हन्नामावशीचा राग यायचा. एवढं उत्तम काम गोणपाटाखाली कुजायचं, यासाठी का मी ते केलं? नागावची वाट आली की मी पलीकडून जायचो. बाजारातल्या त्या बोलण्याबद्दल तिला कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

अशी आठ-दहा वर्षं गेली. मग एका थंडीत याकोबची चिठ्ठी आली की आई गेली, घर विकायचं आहे, खोकं उतरवून न्यावं.

मी गेलो तेव्हा याकोब घराला कुलूप लावायच्या तयारीत होता. केस पांढरे झाले होते. तो माझ्यावर ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो खालच्या आवाजात, पण माझ्या समोर उभा राहून म्हणाला, "मी दरवर्षी यायचो तेव्हा आई म्हणायची, छान चाललंय. शेवटच्या दुखण्यात गाववाल्यांनी सांगितलं, ते कधी चाललंच नाही. मी तिकडे निवांत होतो, तांबटकाका. आईची सोय केली म्हणून निवांत होतो."

खरं सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. आई गेलेली, शब्द कुणासाठी पाळायचा? पण खरं काय होतं? तुझ्या यंत्रानं पाणी तापायचं रे, पण तुझ्या आईला पाणी नको होतं, माणूस हवं होतं. हे त्या मुलाला त्या दिवशी सांगण्यापेक्षा माझं काम कच्चं होतं हेच बरं होतं. मी तेच म्हणालो, दुसऱ्यांदा. त्यानं मान हलवली आणि तो घर विकत घेणाऱ्याकडे चाव्या द्यायला गेला.

मी परसात गेलो. गोणपाट कुजून काळं पडलं होतं, पण सुंभ नवं होतं. गाठ सोडत होतो तेवढ्यात भागी आली. तीही आता पोक्त दिसायला लागली होती. तिनं पुढे होऊन दुसऱ्या बाजूची गाठ सोडली, फट्कन, हातच्या सवयीनं. गोणपाट निघालं. आत काच शाबूत होती. ऊन पडलं आणि नळ्यांचा काळा रंग पहिल्या दिवसासारखा दिसला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "भागी, हे बिघडलेलं नव्हतं."

ती माझ्या समोर आली. मला कमी ऐकू येतं हे तिला ठाऊक होतं. "मना म्हाईत हाय, काका."

"मावशीनं सांगितलं?"

"न्हाय. तिला काय ते वाकून बांधाया जमायचं न्हाय. वाऱ्यानं सुटायचं. सुक्कारी सांजचं मीच येऊन घट्ट करून जायची. तिला वाटायचं, तिचीच गाठ टिकली."

मी खोक्याच्या कडेवर बसलो. बाजारातला तो दिवस, आभाळाकडे बोट दाखवणारी पोरं, पलीकडून जाण्याची ती सगळी वर्षं, माझ्या डोळ्यांपुढून गेली. ज्या एका माणसापासून हे लपवायचं म्हणून मी गप्प राहिलो, त्या माणसाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तिला विचारलं, की घरी एवढा रगाडा असताना तू का येत होतीस? तिची दया यायची म्हणून?

भागीनं सुंभ गुंडाळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "भागी ह्ये माजं सासरचं नाव. लगनात बदललं. म्हायेरचं चांगुना. आता म्हायेरीबी कोन उरलं न्हाय. मावशीनं पयल्याच दिसाला इचारलं व्हतं, तुजं खरं नाव काय ग? तवापासून चांगुनाच म्हनायची. आठवड्यातून येक डाव." तिनं पदरानं हात पुसले. "मना ते आयकाया यायचं असायचं."

काच उचलायला तीच पुढे झाली. आम्ही दोघांनी मिळून खोकं उतरवलं, टाकी उतरवली. टाकीभोवतीचं तूस इतक्या वर्षांनी भुगा होऊन गेलं होतं, ते वाडीत नारळाच्या बुंध्याशी टाकलं. बैलगाडीवर सगळं चढवून सुंभानं बांधताना गाठ तिनंच मारली. मग ती बांधावर जाऊन उभी राहिली.

गाडी हलली. निघताना तिला दोन शब्द बोलावे म्हणून मी हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबलो. भागी म्हणवेना. आणि दुसरं नाव घेण्याचा हक्क मला नव्हता. मी नुसता हात वर केला. तिनंही केला. तिचे ओठ हलले, ती काहीतरी म्हणाली. एवढ्या अंतरावरून मला ते कळणं शक्य नव्हतं. पण या वेळी मी मान हलवली नाही. गाडीवानाला थांबायला सांगितलं, खाली उतरलो आणि ती काय म्हणाली ते विचारायला बांधाकडे परत गेलो.